टेक २४६५बी चा कंट्रोल बोर्ड काढून परत बसवायचाय, कॅलिब्रेशन न घालवता कसं करू?

खटपट_पुणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचून गप्प बसायचो, आज पहिल्यांदाच लिहितोय. दोन महिन्यांपूर्वी भंगारवाल्याकडे टेक्ट्रॉनिक्सचा (टेक) २४६५बी ऑसिलोस्कोप मिळाला, ४०० मेगाहर्ट्झ, चार चॅनेल, कुठल्यातरी कॉलेजच्या लिलावातला माल होता म्हणे. किमतीचं विचारू नका, बायको पण हे वाचते. घरी आणून लावला तर चक्क चालू, ट्रेस सुईसारखा बारीक, रीडआउट स्वच्छ, मी दोन दिवस नुसता एक किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह बघत बसलो होतो.

मग गेल्या आठवड्यात धूळ साफ करावी म्हणून केबिनेट काढलं. आतल्या ए५ बोर्डावर (कंट्रोल बोर्ड, प्रोसेसर वगैरे आहे तो) गोल ॲल्युमिनियमचे एसएमडी (बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) कॅपॅसिटर आहेत, त्यांच्या बुडाशी सोल्डर काळं पडलंय आणि जरा इस्त्रीसारखी गरम सोल्डरिंग गन जवळ नेली तर असा वास सुटला की आई आतून ओरडली आज गुरुवार आहे घरात सुकट कोणी आणली. म्हणजे कॅपॅसिटर गळताहेत एवढं मला कळलं. त्याच बोर्डावर काळा जाडजूड ‘डॅलस’ लिहिलेला आयसी आहे, डीएस१२२५वाय, त्याच्यावर ९१३२ असा आकडा.

आता खरी भीती सांगतो. याआधी मी एक वीस मेगाहर्ट्झचा देशी स्कोप उघडला होता, बोर्ड काढला, सगळं नीट केलं आणि परत बसवताना एक कनेक्टर एका पिनने सरकून बसला. स्विच टाकला, फट् आवाज, धूर, विषय संपला. त्यामुळे या वेळी हात लावायच्या आधी विचारतोय. बोर्ड बाहेर काढायला लागेलच ना, की जागेवरच कॅपॅसिटर बदलू? आणि त्या डॅलसमध्ये कॅलिब्रेशन (स्कोपचं मोजमाप अचूक ठेवणारे आकडे) असतं असं वाचलं, तो ९१ सालचा असेल तर त्याचं काय करू, काढला तर डेटा उडेल का? आणि बोर्ड काढून ठेवायचा कशावर, माझ्याकडे स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आहे ती चालेल का?

---

जुना_सीआरटी

फॉइलवर ठेवू नकोस. हे आधी वाच, बाकीचं नंतर.

त्या बोर्डावर डॅलस आहे म्हणजे त्याच्या पोटात लिथियमचा सेल आहे. डीएस१२२५ स्वतःचा सेल आत बंद करून असतो म्हणून तो बाहेरून शॉट व्हायचा संभव कमी, पण याच मॉडेलच्या आधीच्या सिरियल नंबरांत आणि २४६५ए मध्ये बोर्डावर उघडी लिथियम बॅटरी आणि साधी रॅम असायची, तिथे बोर्ड फॉइलवर ठेवला की खालच्या पिनांमधून बॅटरी सरळ शॉट. लोक स्टॅटिकपासून वाचवायला म्हणून फॉइल घेतात आणि त्याच फॉइलने कॅलिब्रेशन पुसतात. तीच गोष्ट काळ्या कंडक्टिव्ह फोमची. बॅटरीवाला बोर्ड ठेवायला अँटिस्टॅटिक चटई किंवा गुलाबी पिशवी बरी, काहीच नसेल तर पुठ्ठ्याचा कोरडा खोका.

आता तुझा ९१३२. पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन आठवडा, म्हणजे १९९१ चा बत्तिसावा आठवडा, ऑगस्टच्या आसपास. डॅलसची पॉवर नसताना डेटा टिकवायची हमी दहा वर्षांची होती. तुझा तीस वर्षांच्या पुढे गेलाय आणि अजून जिवंत आहे, उधारीवर जगतोय म्हण. तेव्हा क्रम असा धर की कॅपॅसिटर नंतर, आधी डेटा.

आणि डेटा वाचायला बोर्ड काढायची गरजच नाही पहिल्या फेरीत. स्कोप चालू करून वीस मिनिटं गरम होऊ दे. मग डेल्टा-व्ही आणि डेल्टा-टी ही दोन्ही बटणं एकदम दाबून धर आणि ट्रिगरचं स्लोप बटण दाब. डायग्नोस्टिक मेन्यू येतो. त्यात ‘एक्सर ०२’ शोध, तिथे कॅलिब्रेशनचे आकडे पत्त्यासकट स्क्रीनवर दिसतात. एकेक पुढे सरकवत जा आणि मोबाईल स्टँडला लावून सगळ्याचा व्हिडिओ काढ. फोटो नको, व्हिडिओच काढ, कारण एखादा आकडा सुटला तर कळत नाही. नंतर वहीत उतरवून काढ. कंटाळा येईल पण हा कंटाळा पुढे किती पैसे वाचवतो ते कॅलिब्रेशनवाल्याकडे गेलास की कळेल, कारण हा स्कोप पुन्हा पहिल्यापासून कॅलिब्रेट करायचा तर पीजी५०६, एसजी५०३, टीजी५०१ असली टेकचीच जनरेटर प्लगइन्स लागतात आणि ती आता स्कोपपेक्षा दुर्मिळ झालीत.

एक अजून. ए५ वर कॅल/नो-कॅल असा एक जंपर आहे. त्याला हात लावायचा नाही. साफ करतानाही नाही.

---

नागपुरी_निऑन

सीआरटी काकांचं बाकी सगळं बरोबर पण एवढं घाबरवून राहिले बाप्पा. मी गेली पंधरा वर्षं मनगटाला तो अँटिस्टॅटिक पट्टा-बिट्टा न बांधता बोर्ड काढतो-बसवतो, एकही आयसी उडाला नाही. चेसिसला हात लावा, मग बोर्डाला लावा, झालं. अन् कॅपॅसिटर जागेवर बदलायचा नाद करू नको भाऊ, बोर्ड बाहेर काढ, वरून खालून दोन्हीकडून बघता आलं पाहिजे, नाहीतर पॅड (पाय जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा तुकडा) उपटशील.

---

जुना_सीआरटी

@नागपुरी_निऑन तुम्ही नशीबवान. पण स्टॅटिकचा मार सगळाच लगेच दिसतो असं नाही, आतला इन्सुलेशनचा थर अर्धवट जखमी होतो आणि तो आयसी सहा महिन्यांनी जातो, तेव्हा माणूस म्हणतो जुनाच होता. नागपूरच्या डिसेंबरात हवा किती कोरडी असते ते तुम्हाला सांगायला नको, स्वेटर काढताना काळोखात ठिणग्या दिसतात. पट्टा एक मेगओमचा असतो, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

फक्त एक, आणि हे खटपटरावांसाठी: पट्टा बोर्ड काढून ठेवल्यावर घाल. स्कोप उघडा आणि चालू असताना, आत हात घालून काही मोजत असताना पट्टा काढून ठेव. सीआरटीच्या (पडद्याच्या काचेच्या नळीच्या) बगलेतून जी जाड लाल केबल जाते तिच्यावर दहा हजार व्होल्टच्या वर असतात, आणि पॉवर सप्लायच्या प्रायमरीत २३० वर चालवताना कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी. अशा ठिकाणी स्वतःला अर्थला बांधून ठेवणं म्हणजे बैलाच्या शिंगाला आपण होऊन दोरी बांधल्यासारखं. आणि पट्ट्याचं टोक जिथे लावतोस ते अर्थिंग खरं आहे का ते आधी बघ, आपल्याकडे अर्ध्या घरांत तिसऱ्या पिनच्या मागे नुसती भिंत असते.

---

रत्नांग्रीकर

मी कोकणातला, त्यामुळे गळके कॅपॅसिटर आणि गंज हा आमचा घरचाच विषय. पावसाळ्यात तर बोर्डावर बुरशी येते.

तो सुकटीचा वास म्हणजे नक्की गळती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या मध्यापर्यंत एसएमडी इलेक्ट्रोलायटिक नवीन होते तेव्हाचे बरेचसे असेच गळतात, ही एका कंपनीची गोष्ट नाही, त्या काळातले कॅमकॉर्डर, कॉम्प्युटर, सगळीकडे हीच रड. आतलं द्रव अल्कलीसारखं असतं, ते सोल्डर मास्कच्या खाली शिरतं आणि तांब्याचा ट्रॅक आतून खातं, वरून हिरवा रंग नीट दिसतो आणि खाली ट्रॅक गायब. म्हणून तुझा स्कोप आता चालतोय यावर जाऊ नको. चालतोय तोवरच काढ.

ए५ वर असे चार आहेत, सी२०११, सी२३३१, सी२९६५, सी२९६८. व्हॅल्यू सर्व्हिस मॅन्युअलच्या पार्ट लिस्टमधून घे, कोणाच्या सांगण्यावरून नको, माझ्यासुद्धा. काढताना हॉट एअर मारू नको, गळका कॅपॅसिटर गरम हवेने फुटतो आणि ती सुकट डोळ्यात उडते, शिवाय बाजूचा डॅलस शेकून निघतो. दोन सोल्डरिंग गन घे, दोन्ही पायांवर ताजं साठ-चाळीसचं सोल्डर भरपूर चढव, जुनं खराब झालेलं सोल्डर वितळतच नाही नीट, ताजं मिसळलं की मग सुटतं, आणि दोन्हीकडून एकदम उचल. काही लोक पकडीने पिळून तोडतात. चांगल्या बोर्डावर ते जमतं, पण गळती झालेल्या पॅडची पकड आधीच गेलेली असते, पॅड कॅपॅसिटरबरोबर येतं हातात.

मग धुणं. आधी थोडं पांढरं व्हिनेगर इअरबडने फक्त त्या जागेवर, फसफसलं तर समजायचं अल्कली आहे, मग डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायचं पाणी, पेट्रोल पंपावर मिळतं ते), मग ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ टूथब्रश. पाणी डॅलसखाली, स्विचखाली, ट्रिमरमध्ये जाऊ देऊ नको. वाळवायला टेबल फॅनखाली रात्रभर. आमच्याकडे जुलैत दोन रात्री. नवीन कॅपॅसिटर लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर लावून त्या भागातला प्रत्येक ट्रॅक आणि प्रत्येक व्हाया (बोर्डाच्या दोन्ही बाजू जोडणारं बारीक भोक) वरून खाली तपास. व्हाया आतून खाल्लेला असतो तो डोळ्यांना दिसत नाही. एक व्हाया मी सोडला होता, मग तो बोर्ड पुन्हा तीनदा काढायला लागला.

---

खटपट_पुणे

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. फॉइल रद्द. एक्सर ०२ चा व्हिडिओ आत्ताच काढला, सतरा मिनिटांचा झाला, मध्ये मांजर आली आहे पण आकडे दिसताहेत.

आता डॅलस तसाच ठेवू की बदलू? आणि कनेक्टरचं सांगा ना कोणीतरी, ती भीती गेली नाही. या बोर्डाला चपट्या रिबन आहेत आणि एकाच रांगेत बसणारे माऊथऑर्गनसारखे कनेक्टर आहेत, त्यांना खाचच नाही, उलटसुलट एक पिन पुढेमागे कसेही बसतात.

---

बिट_बंगळूर

डॅलसबद्दल मी सांगतो, हेच काम गेल्या वर्षी केलंय.

बदल. पण नवीन डॅलस म्हणून जे ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्यातले बरेच जुन्या बोर्डावरून काढून पुसून नवीन छापलेले असतात, आतला सेल तुझ्याइतकाच म्हातारा. त्यापेक्षा एफआरएएम घे, एफएम१६डब्ल्यू०८, तीच ८ किलोबाइट, बॅटरीच नाही, त्यामुळे मरायचा प्रश्नच नाही. तो एसओआयसी या छोट्या चपट्या पॅकेजमध्ये येतो म्हणून २८ लांब पायांच्या डीआयपी ॲडॉप्टरवर लावायला लागतो. २४६५बी मध्ये बऱ्याच लोकांनी हाच लावलाय, माझ्याकडे व्यवस्थित चालतो.

काढताना: २८ पिना, मल्टिलेयर बोर्ड, ग्राउंडच्या पिना उष्णता पिऊन टाकतात. सगळ्या पिनांवर आधी ताजं सोल्डर, मग डिसोल्डर पंप, एका पिनवर तीन सेकंदांच्या वर थांबायचं नाही, जमलं नाही तर दुसऱ्या पिनकडे जा, परत ये. आयसी हलवून बघ, ओढू नको. डेटा आत सेलवर आहे त्यामुळे काढल्याने उडत नाही. कापायचा मोह होतो, पण डॅलस कापू नको, तीच तुझी मूळ प्रत आहे.

मग प्रोग्रॅमरमध्ये (साधा टीएल८६६ चालतो, यादीत डीएस१२२५ निवड) लाव आणि फक्त रीड. तीन वेळा वाच, तीन वेगळ्या फायली सेव्ह कर, तिन्ही तंतोतंत सारख्या आल्या पाहिजेत. वेगळ्या आल्या तर पिना घाण आहेत किंवा नीट बसला नाही. मग त्या फायलीतले आकडे व्हिडिओतल्या दहा-वीस आकड्यांशी ताडून बघ. जमलं की एफआरएएम मध्ये लिही, बोर्डावर टर्न्ड पिनचं सॉकेट लाव आणि त्यात बसव. मात्र सॉकेट अधिक ॲडॉप्टर अशी उंची होते, बोर्ड परत आत सरकवताना वर काही घासतं का ते आधी मोजून घे.

---

जुना_सीआरटी

कनेक्टरवर मी येतोच. त्या माऊथऑर्गनला टेकमध्ये हार्मोनिकाच म्हणतात, बरोबर ओळखलंस. त्याच्या प्लास्टिकवर एका टोकाला छोटा त्रिकोण कोरलेला असतो आणि बोर्डावरही पिन एकजवळ तसाच त्रिकोण छापलेला असतो. त्रिकोणासमोर त्रिकोण. भिंग लागेल, चाळिशीनंतर नक्की लागेल. पण हे एवढ्यावर सोडू नको. काढायच्या आधी प्रत्येक कनेक्टरचा सरळ वरून आणि एकदा बाजूने फोटो, आणि पांढऱ्या मार्करने कनेक्टर आणि बोर्ड यांच्यावर मिळून एक आडवी रेघ ओढ, बसवताना रेघ जुळली नाही तर चुकलंय. रेघ म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबा समज.

केबिनेट कसं काढलंस माहीत नाही पण पुढच्या वेळी स्कोपला पुढचं झाकण लावून तोंडाकडून खाली उभा कर, मागचे पाय आणि स्क्रू काढ, आणि केबिनेट वर उचल. आडवा ठेवून ओढलं की वायरी घासतात. प्लग काढून किमान दहा मिनिटं थांब. आणि लाइन व्होल्टेजचा स्विच मागे आहे, ११५/२३०, तो चुकून सरकला नाही ना ते प्लग लावायच्या आधी प्रत्येक वेळी बघायचं. प्रत्येक वेळी म्हणजे प्रत्येक वेळी.

स्क्रू. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. अमेरिकन माल आहे, इंची आटे आहेत, ४-४० आणि ६-३२. एखादा हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातून एम३ आणून ४-४० च्या भोकात बसवू नको, पहिले दोन आटे बसतात, वाटतं बसला, मग आवळलास की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. आणि सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर खालच्या ट्रॅकला टेकतो. जाड पुठ्ठ्यावर बोर्डाचं चित्र काढ आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेव. आमच्या वेळी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात ठेवायचो. ज्या स्क्रूखाली चांदणीसारखा दातेरी वॉशर आहे तो नुसता धरायला नाही, बोर्डाचं ग्राउंड तिथून चेसिसला जातं. तो विसरला की स्कोप चालतो पण ट्रेसवर केसाळ नॉइज येतो आणि माणूस महिनाभर पॉवर सप्लाय तपासत बसतो.

---

नागपुरी_निऑन

अन् पहिल्यांदा चालू करशील तर सिरीज बल्ब (मेनच्या वायरीत मध्ये जोडलेला, शॉट असला तर करंट अडवते) लावून कर. शंभरचा.

---

जुना_सीआरटी

सिरीज बल्ब ठीक आहे पण याच्यात स्विचिंग सप्लाय आहे, व्होल्टेज कमी मिळालं की तो टिकटिक करत चालू-बंद होत राहतो आणि नवखा माणूस समजतो की बोर्ड शॉट आहे. हा स्कोप शंभर वॉटच्या आसपास खातो, एकट्या शंभरच्या बल्बवर उठणार नाही. लावायचाच तर फिलामेंटचे दोन शंभरचे पॅरलल, एलईडी नव्हे.

त्यापेक्षा उपयोगी गोष्ट सांगतो. मेन बोर्डवर जे११९ नावाचा कनेक्टर आहे, सगळे सप्लाय एकाच जागी मोजता येतात, +८७, +४२.४, +१५, +५, −५, −८, −१५ व्होल्ट. बोर्ड काढायच्या आधी, स्कोप बंद, प्लग काढलेला, प्रत्येकाचा ग्राउंडशी रेझिस्टन्स लिहून ठेव. बोर्ड परत बसवल्यावर, प्लग लावायच्या आधी, परत मोज. कुठला आकडा घसरून थोड्याच ओमांवर आला असेल तर थांब, कनेक्टर सरकलाय. तुझ्या त्या देशी स्कोपला हे केलं असतंस तर तो आज चालू असता.

चालू केल्यावर केबिनेटशिवाय फार वेळ ठेवू नको, पंख्याची हवा केबिनेट असतानाच नीट फिरते. मेन बोर्डवर यू८०० म्हणून हॉरिझॉन्टलचा आयसी आहे तो नुसता तापतो आणि तो मिळत नाही. टेबल फॅन तोंडावर सोड.

---

खटपट_पुणे

मंडळी, अपडेट. झालं. पण सरळ नाही झालं.

शनिवारी सकाळी सुरुवात. जे११९ चे आकडे लिहिले, सोळा फोटो काढले, मार्करच्या रेघा ओढल्या. बोर्ड बाहेर आला. सी२९६५ चं एक पॅड ताजं सोल्डर घालूनही उचललं गेलंच, पण ट्रॅक शिल्लक होता, बारीक तार टाकून जोडला. रत्नांग्रीकर, तुमचा व्हाया सापडला! वरून एकदम चकचकीत, मीटरला बीप नाही. तारेचा एक केस आरपार घालून दोन्हीकडे सोल्डर केला. हा जर तुम्ही सांगितला नसता तर मी अजून शोधत असतो.

डॅलस काढायला दीड तास लागला. तीन वेळा वाचला, तिन्ही फायली सारख्या, व्हिडिओशी जुळल्या (मांजरीच्या मागचे तीन आकडे सोडून). एफआरएएम लॅमिंग्टन रोडवरून मित्राने आणला, ॲडॉप्टर तिथेच मिळाला.

रविवारी दुपारी बसवला. जे११९ चे आकडे परत मोजले, सगळे जवळजवळ तेच. मागचा स्विच २३० वर बघितला, दोनदा. चालू केला. ट्रेस आला, रीडआउट आला, टेस्ट फेल वगैरे काही नाही, मी उठून नाचलो. मग इंटेन्सिटीचा नॉब फिरवला तर ढिम्म. बाकीची बटणं दाबली, काही चालतात काही नाही. हात-पाय गार. एफआरएएम वर शंका आली, सॉकेटवर आली, त्या पॅडवर आली. बंद केला आणि रात्रभर झोप नाही.

सकाळी पुन्हा बोर्ड मोकळा केला. फ्रंट पॅनलकडे जाणाऱ्या रिबनच्या कनेक्टरची रेघ अगदी बरोबर जुळत होती, पिन सरकलेली नव्हती. पण भिंगातून बघितलं तर कोपऱ्यातली एक पिन भोकात न जाता कनेक्टरच्या बाहेरून आडवी झोपलेली. मी बसवताना जरा तिरपा दाबला असणार. चिमट्याने हळूच उभी केली, आईच्या शिवणाच्या सुईने सरळ केली, परत दाबला, सगळे नॉब जागेवर.

आता दोन दिवस चालू आहे. जुन्या डॅलसवर तारीख लिहून डबीत ठेवलाय.

एकच प्रॉब्लेम आहे. पुठ्ठ्यावर एक स्क्रू उरलाय. सगळी भोकं भरलेली दिसताहेत.

---

रत्नांग्रीकर

लांब की आखूड?

---

खटपट_पुणे

आखूड. खाली चांदणीचा वॉशर पण आहे.

---

जुना_सीआरटी

मग उघड परत. एका भोकात दुसऱ्या जागचा लांब स्क्रू गेलाय, आणि त्याची मूळ जागा खालच्या कोपऱ्यात कुठेतरी रिकामी असेल, वरून दिसत नाही. लांब जिथे गेलाय तिथे खाली काही टेकत नाही ना ते आधी बघ, चालू करू नको तोवर.

---

खटपट_पुणे

सापडला. रिबनच्या घडीमागे लपलेलं भोक. लांबवाला ट्रॅकला टेकला नव्हता, अर्धा मिलिमीटर राहिला होता. पहिल्या दोन दिवसांत चॅनेल दोनवर जो बारीक केसाळ नॉइज होता तो पण गेला, मला वाटलं होतं तो असाच असतो.

---

नागपुरी_निऑन

पट्टा बांधला होता का पण?

---

खटपट_पुणे

हो. स्वयंपाकघराच्या नळाला. आईने दोनदा पाणी भरताना काढून ठेवला.

---

जुना_सीआरटी

नळाची पाइप आता प्लास्टिकची असते रे.